मृगापूर्वीचा महिना : नाशकातील परसबागेची सिद्धता

नाशिक हे नाव उच्चारले की परगावच्या मनुष्यास रामकुंड, काळारामाचे मंदिर आणि द्राक्षांचे मळे आठवतात. नाशकात राहणाऱ्यास ह्या तिहींच्या जोडीला आणखी एक गोष्ट नित्य दिसत असते, ती म्हणजे भाजी. सायंकाळी पंचवटीच्या बाजूस बाजारसमितीच्या आवारात पालेभाज्यांचे लिलाव चालतात. कोथिंबीर, मेथी, शेपू ह्यांच्या जुड्यांनी भरलेल्या गाड्या रातोरात कसारा घाट उतरतात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या स्वयंपाकघरांत ती भाजी निवडली जाते. नाशिक जिल्ह्यास मुंबईची परसबाग म्हणतात ते काही उगाच नव्हे. मग सहजच प्रश्न उद्भवतो की, जे गाव मुंबईस भाजी पुरविते त्या गावातल्या कुटुंबाने आपल्या घरी चार वेल लावण्याचा खटाटोप कशासाठी करावा?

ह्याचे उत्तर ताजेपणात किंवा काटकसरीत शोधण्याची चाल आहे. दोन्ही कारणे खरी आहेत, परंतु आमच्या मते ती दुय्यम होत. ऋषिपंचमीचेच उदाहरण घ्या. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, असा आपल्या घरांतील नियम. बाजारात त्या दिवशी अळू, माठाचे देठ, पडवळ, दोडका, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसे ह्यांचे वाटे मांडलेले असतात खरे. पण ती भाजी कोणत्या रानात व कोणाच्या कष्टाने आली हे विकणाऱ्यासही सांगता येत नाही. आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हा नियम आपोआपच पाळला गेला, असे कोणी चतुर मनुष्य म्हणेल! पण नियमाचा आशय बैल चुकविण्यात नसून आपले हात मातीत घालण्यात आहे. शिवाय ज्या वाणाचे पडवळ आजीच्या हातचे म्हणून आपण ओळखतो, तो वाण बाजारात मिळेलच असे नाही. घरची बाग राखावयाची ती ह्या दोन गोष्टींसाठी. आणि ती राखण्याचा निर्णय पावसात होत नाही, पावसाच्या आधीच्या महिन्यात होतो.

नाशिकचा पाऊस कसा आहे हे प्रथम ध्यानी घ्यावे. पश्चिमेस घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस पन्नास किलोमीटरांच्या आत नाशिक शहरात तो सुमारे सातशेवर येतो आणि येवल्याकडे त्याहूनही उणावतो. म्हणजे आम्ही नाशिककर ना कोकणातले, ना दुष्काळी मुलखातले. उंबऱ्यावर उभे असल्यासारखे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे सहाशे मीटर असल्याने रात्री थंड असतात. निफाडचा पारा तर काही हिवाळ्यांत शून्याजवळ उतरतो. ह्याचा अर्थ असा की वेलभाज्यांस पावसाळा, वांग्यास शरद ऋतू आणि शेंगा व पालेभाज्या ह्यांस हिवाळा, असे तिन्ही हंगाम नाशकात चांगले साधतात. मात्र वेळ चुकली की एका हंगामाचे पीक दुसऱ्या हंगामात सापडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या गारपिटीने जिल्ह्यातल्या बागा झोडपून काढल्या, ती गोष्ट अद्याप कोणी विसरलेले नाही. निसर्गापुढे इलाज नाही. पण जे आपल्या हाती आहे ते वेळेवर करावे.

ह्या गावात शेत आणि अन्न ह्यांची सांगड फार पुरातन आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचा शिलालेख आहे. त्यात त्याने अश्विभूती नामक ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांस एक शेत विकत घेतल्याचे नमूद केले आहे. ते शेत नगराच्या सीमेवर वायव्य दिशेस होते आणि लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंस त्यातून अन्न मिळावे असा त्याचा हेतू होता. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा व्यवहार. आजही शहराच्या वायव्येस मखमलाबाद-गंगापूरच्या अंगाला भाजीचे आणि पेरूचे मळे दिसले की त्या लेखाची आठवण होते. पुढे मोगलाईत ह्या गावास गुलशनाबाद असे नाव पडले, म्हणजे फुलबागांचे गाव. पेशवाईत राघोबादादांचा मुक्काम गोदाकाठी आनंदवल्लीस असे. राज्ये बदलली, नावे बदलली. गोदावरीच्या पाण्यावरची हिरवाई मात्र टिकून राहिली.

जुन्या नाशकातल्या वाड्यांतून जी परसे होती, त्यांची माती निराळीच असे. गाव नऊ टेकांवर वसले असे जुने लोक सांगतात. त्यांतील जुन्या गढीवर १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव ह्यांनी उत्खनन केले, तेव्हा शतकानुशतकांच्या वस्तीचे थर एकाखाली एक निघाले. शेतकऱ्याच्या भाषेत पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. चुली, राख, शेणसारवण, पडक्या भिंती ह्यांनी शेकडो वर्षांत तयार झालेली पांढरी माती एवढी कसदार मानतात की, खेडोपाडी ती गाड्या भरभरून खत म्हणून शेतात नेतात. अशा मातीत अळू माजावे, तोंडली भिंतीवर चढावी, ह्यात नवल ते काय? आमच्या वाड्याच्या परसातही न्हाणीच्या पाण्यावर अळूची खाचर होती आणि विहिरीच्या कडेला पडवळाचा मांडव होता.

तो वाडा उतरून तीन पावसाळे झाले. जुन्या गावातले कित्येक वाडे आज हाच मार्ग चालत आहेत. लाकूड किडले, भिंती फुगल्या, वाटण्या झाल्या. अशा वास्तूस धरून राहणे धोक्याचे. ह्याबद्दल हळहळत बसणे आम्हांस मान्य नाही. मधली तीन वर्षे भाड्याच्या जागेत गेली. तेथे माती म्हणून हाती घ्यावी एवढीही नव्हती. आता कुटुंबाच्या तीन शाखा तीन ठिकाणी स्थिरावल्या आहेत : एक गंगापूर रस्त्यावरील इमारतीत, जिची गच्ची आम्हांस वापरावयास मिळाली, दुसरी इंदिरानगरात, तळमजल्यावर, दहा पावलांच्या अंगणासह, तिसरी नाशिकरोडला, तेथे केवळ दक्षिणेची गॅलरी. एक वाडा गेला, तीन लहान बागा आल्या. मात्र एक चिंता उरली होती. आजीने राखेत घालून पितळी डब्यात ठेवलेले पडवळाचे बी तीन वर्षे मातीशिवाय पडून होते. बी हे काही दागिना नव्हे की जपून ठेवले म्हणजे टिकले. कांद्याचे बी एका वर्षात आपली शक्ती बहुतांशी गमावते, भेंडीचे दोन-तीन वर्षे चालते, वेलभाज्यांचे चार-पाच वर्षांपर्यंत. म्हणजे यंदाचा हंगाम चुकता तर पुढे पेरावयास काही उरलेच असते, ह्याची शाश्वती नव्हती.

म्हणून वैशाखात सर्वांत आधी रुजवणीची परीक्षा घेतली. ही रीत प्रत्येक घराने करावी इतकी सोपी आहे. वीस दाणे मोजून घ्यावे, ओल्या फडक्यात गुंडाळावे, फडके झाकणाच्या डब्यात ठेवून सावलीत ठेवावे आणि रोज पाणी शिंपडावे. पडवळाची साल कठीण, तेव्हा दाणे आधी एक रात्र भिजत घालावे आणि दहा-पंधरा दिवस धीर धरावा. वीसपैकी पंधरा रुजले तर बी उत्तम, दहा रुजले तर दाट पेरावे, पाचांहून कमी रुजले तर नवे बी आणावे. आमचे सात रुजले. सात म्हणजे थोडे, पण शून्य नव्हे. ते कोंब वाया न घालविता तसेच लहान मडक्यांतून मातीत लावले.

पुढचे काम पंचांग उघडून बसण्याचे. येथे एक गंमत आहे, ती नव्या बागाइतदारांनी ध्यानात ठेवावी. पेरणीची नक्षत्रे सूर्यावर चालतात. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, ह्यात फार फरक पडत नाही. सणांच्या तिथी मात्र चंद्रावर चालतात. परिणामी मृग आणि ऋषिपंचमी ह्यांमधले अंतर दरसाल बदलते. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ऋषिपंचमी २० सप्टेंबरला पडली. ८ जूनपासून मोजल्यास १०४ दिवस मिळाले. २०२४ मध्ये ती ८ सप्टेंबरला, म्हणजे ९२ दिवस. २०२५ मध्ये २८ ऑगस्टला, म्हणजे केवळ ८१ दिवस! लाल भोपळ्याचे फळ पिकण्यास तीन-साडेतीन महिने लागतात. तस्मात् २०२३ साली जो भोपळा मृगात लावून साधला, तोच २०२५ साली कोवळाच राहता. ज्या वर्षी अंतर कमी, त्या वर्षी वेलांची रोपे रोहिणीतच मडक्यांत करून ठेवावी. म्हणजे पंधरा दिवस पदरात पडतात.

बाकीचा हिशोब उलटा मांडीत जावे. दोडका, पडवळ, कारले ह्यांस पहिल्या फळापर्यंत दोन महिने ते सत्तर दिवस; भेंडीस पन्नास; काकडीस चाळीस-पंचेचाळीस; माठ महिन्याभरात तयार. तेव्हा वेल आधी, भेंडी आर्द्रेच्या अखेरीस, माठ श्रावणात दोन वेळा पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने. अळूचे कंद मात्र पहिल्या ओलीबरोबर लावून टाकावे.

दुसरा मुक्काम चंपाषष्ठीचा. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत कांदेनवमीची भजी झाली म्हणजे ह्या जिन्नसांस रजा मिळते आणि वांगे पुन्हा पानावर येते ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, भरत-रोडग्यांच्या नैवेद्यात. ही विश्रांती वाफ्याच्या फार सोयीची आहे. जुलैच्या अखेरीस बी टाकावे, पाच-सहा आठवड्यांनी रोपे हलवावी, पुढे दोन-अडीच महिन्यांत फळ. हिशोब बरोबर चंपाषष्ठीच्या आगेमागे येतो. जिभेचे व्रत आणि रोपाची वाढ जणू एकाच वेळापत्रकात बसविली आहेत.

तिसरा मुक्काम भोगीचा. पावटा आणि वाल ह्यांचे जुने वाण दिवस लहान झाल्यावाचून फुलत नाहीत. ते पावसाळ्यात कुंपणाशी लावून विसरून जावे. थंडी पडू लागली की आपण होऊन फुलावर येतात.

इतका बेत कागदावर उतरला म्हणजे सामानासाठी गावात हिंडावयास निघावे. नाशकातले हे हिंडणे मोठे आनंदाचे असते. बुधवारी गोदाघाटावर आठवड्याचा बाजार भरतो. तेथे खुरपी, विळे, दोऱ्या, टोपल्या, आणि मे महिना सरत आला की बियांच्या पुड्याही मिळतात. समोर दुतोंड्या मारुती उभा असतो. पूर आला म्हणजे पाणी त्याच्या गुडघ्यास लागले की कमरेस, ह्यावरून गाव पुराचे मान ठरविते. त्याच्या पायाशी वैशाखात शांतपणे आळूचे कंद निवडीत बसणे ही एक वेगळीच मौज आहे. कंद घेताना कोंब फुटू लागलेले, घट्ट व जड असे घ्यावे. तेथून जुन्या नाशकातला कुंभारवाडा जवळ. रोपांसाठी लहान मडकी, तळाशी भोक पाडून घेतलेली, तेथेच घ्यावी. भाजक्या मातीतून हवा खेळते, मुळे गुदमरत नाहीत. मोठ्या लागवडीस आमच्या जिल्ह्यात टोमॅटोचे प्लॅस्टिकचे कॅरेट मुबलक मिळतात. फुटके कॅरेट स्वस्तात पडतात, आणि आतून पोत्याचे अस्तर लावले की माठ-मेथीस उत्तम वाफा होतो.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी एक हिशोब विसरू नये. ओल्या मातीचे वजन घनमीटरास सुमारे पावणेदोन टन. एक चौरस मीटर जागेवर अर्ध्या वितीहून थोडा अधिक, म्हणजे पंधरा सेंटीमीटर जाडीचा थर घातला तरी अडीचशे किलोच्या घरात भार होतो. आणि वावरण्याच्या गच्चीवर चौरस मीटरला दीडशे किलोचा भार गृहीत धरण्याची बांधकामात रीत आहे. सबब सबंध गच्चीवर माती पसरू नये. जड कुंड्या खालच्या भिंती व तुळया जेथून गेल्या असतील त्यांच्यावर ठेवाव्या, स्थापत्याच्या जाणकारास एकवार विचारावे, आणि मातीचा मोठा वाटा कुजलेल्या पाल्याने भरून काढावा. एक भाग माती, एक भाग मुरलेले शेणखत व दोन भाग पालापाचोळ्याचे खत, एवढे मिश्रण वेलांनाही पुरते. श्रीपाद अच्युत दाभोलकर ह्यांच्या 'प्रयोग परिवारा'ने महाराष्ट्रास हीच गोष्ट शिकविली की, घरचा काडीकचरा ही संपत्ती आहे. जो पाला सकाळच्या घंटागाडीत टाकावयाचा, तोच कोपऱ्यातल्या पिंपात जिरविला तर दुसऱ्या हंगामास खत तयार होते.

विकतचे बी घेणाऱ्यांस नाशिकसारखे दुसरे ठिकाण नाही. कांद्याचा 'एन-५३' हा प्रसिद्ध वाण निफाडचा, आणि 'बसवंत ७८०' पिंपळगाव बसवंतचा. नावांतच गावे आहेत. कांदा-लसणाच्या संशोधनासाठी १९७७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे केंद्र निफाड तालुक्यात चितेगाव फाट्यावर आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले ग्रीन गोल्ड' कारले, 'हिमांगी' काकडी, 'फुले सुचेता' दोडका हे वाण घरगुती बागेसही चांगले. संकरित बियांची फळे भरपूर येतात. परंतु त्यांचे बी धरून पुन्हा लावल्यास तोच गुण उतरत नाही, एवढे समजून घ्यावे.

ज्यांस घरचा वाण राखावयाचा आहे, त्यांनी अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनी आपल्या भागातील गावठी वाणांची बियाणे जमविली, शेकडो घरांस वाटली, आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे सारे काम वाटण्यावर उभे आहे. कारण बी वाटल्यानेच वाचते.

आमच्या सात रोपांची वाटणी आम्ही ह्याच न्यायाने केली. इंदिरानगरच्या अंगणात तीन, गच्चीवर दोन, गॅलरीत दोन. एका ठिकाणी वाऱ्याने मांडव मोडला, दुसरीकडे फळमाशी आली, तरी तिसरीकडे एखादा वेल हाती लागेल. एकत्र कुटुंब एका छपराखाली राहिले नाही, तरी त्याचा उपयोग संपला असे नाही. पडवळाची झालरीची पांढरी फुले दिवेलागणीनंतर उमलतात. घरचाच वाण शुद्ध राहावा म्हणून त्या वेळी नराचे फूल हाताने मादीच्या फुलास लावावे आणि फुलावर मलमलीची पिशवी बांधावी. दोडका व दुधी हेही सायंकाळचे; काकडी, कारले, भोपळा हे मात्र सकाळचे. शाळकरी मुलांस हे काम द्यावे. पुस्तकातले परागीभवन ती जन्मभर विसरणार नाहीत. प्रत्येक वेलाचे पहिले निरोगी फळ बियांसाठी राखावे, आणि ते कितीही कोवळे व मोहक दिसले तरी स्वयंपाकघराने त्याकडे पाहू नये, असा घरातल्या वडीलधाऱ्यांनी दंडक घालावा.

राहिलेली कामे थोडक्यात सांगतो. मे महिन्याच्या उन्हात माती पसरून आठ-दहा दिवस तापू द्यावी. किडीची अंडी व तणाचे बी त्याने पुष्कळसे मरते. मांडव पावसाआधीच घट्ट उभारावा. नाशकात जून-जुलैचा वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा ताण त्या बाजूस द्यावा. कडुनिंबाखाली पडणाऱ्या निंबोळ्या जूनमध्ये वेचून, धुऊन, सावलीत वाळवाव्या. पुढे लिटरभर पाण्यास पन्नास ग्रॅम गराची पूड रात्रभर भिजवून, गाळून फवारली की मावा आटोक्यात राहतो. वळवाच्या पहिल्या सरीस भुलून बी टाकू नये. जमीन वीतभर ओली झाली म्हणजेच पेरावे, आणि रोपांच्या मडक्यांत पाणी साचू देऊ नये. साचल्यास कोवळी रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात.

एक वही मात्र घालावी. तीत पेरणीची तारीख, उगवण, पहिले फूल, पहिले फळ आणि बी कोणाकडून आले व कोणास दिले, एवढेच लिहावे. आमच्या वहीचे पहिले पान लिहून झाले आहे : पडवळ, घरचे बी, वीस दाणे, सात रोपे, तीन घरे. आज सातांपैकी सहा रोपांस तिसरे पान फुटले आहे. मृगाला अजून अकरा दिवस आहेत.